हिरण्याक्षाची गिरकी

झोपायचं नाही, नुसती पाठ टेकायची, असं ठरवून प्रणिता गादीवर आडवी होते. सकाळी वजन देऊन झालंय, दुपारी वरणभात जेवून झालाय, लढत संध्याकाळी आहे. रत्नागिरीतल्या एका शाळेचा वर्ग त्यांच्या संघातल्या मुलींना उतरायला दिलाय. बाकं भिंतीला सरकवून मधे गाद्या अंथरल्यात. बाकीच्या मुली मैदान बघायला गेल्यात. शमिका तेवढी मागे राहिली आहे आणि बाहेर नळावर बाटल्या भरते आहे. वर पंखा कुरकुरतोय.

प्रणिता डोळे मिटते आणि मनातल्या मनात गिरकी घेऊन बघते. अर्ध्यावर थांबते. पुन्हा घेते. पुन्हा तिथेच थांबते.

प्रणिता तुळसकर कुडाळकडची. मुए थाई खेळते. थायलंडमधला हा जुना खेळ. त्यात मुठी आणि लाथांबरोबर गुडघा चालतो आणि कोपरही चालतं. तिला शिकवणारे डिमेलो सर तिकडे बरीच वर्षं राहून आलेत. तिचं सगळं चांगलं आहे, एक गिरकी सोडून. समोरचीला पुढून मार द्यायचा आहे असं भासवायचं, पाय आडवा टाकायचा, पाठ वळवून गर्रकन फिरायचं आणि मागून कोपर आणायचं. मागच्या लढतीत प्रणितानं ती घ्यायला सुरुवात केली, पाठ वळली, समोरची दिसेनाशी झाली, आणि पाय थिजले. तशीच पाठमोरी उभी राहिली आणि मार खाल्ला. तेव्हापासून सरावातसुद्धा तिथे आलं की तिचं अंग लाकडासारखं होतं. आज समोर पुण्याची मुलगी आहे. उंच, लांब हाताची. समोरून तिच्यापर्यंत पोचणंच अवघड. आज हरली तर राष्ट्रीय स्पर्धा यंदा विसरायची.

पण प्रणिताच्या डोक्यात घोळतंय ते निराळंच. ही गिरकी शिकवताना सरांनी तिचं थाई नाव सांगितलं होतं, हिरण म्वन पेनदिन. "हिरण म्हणजे आपला हिरण्याक्ष," ते म्हणाले, "आणि बाकीच्याचा अर्थ, जमीन गुंडाळतो."

"माझे आबा हिरण्याक्ष होते, सर," प्रणिता म्हणाली होती.

सगळ्या मुली हसल्या. मग तिनं सांगितलं, की आबा म्हणजे तिचे वडील, ते दशावतारी नाटकात कामं करायचे. राक्षसाची. हिरण्याक्ष पृथ्वी चटईसारखी गुंडाळून पाताळात नेतो, तो प्रसंग त्यांचा. गुणाजी तुळसकरांची ती गिरकी बघायला लोक दुसऱ्या गावाहून चालत येत.

"मग तुला घरचीच विद्या आहे," सर म्हणाले. "कशी घ्यायचे ते?"

प्रणिताला सांगता येईना. ती दर जत्रेला आबांबरोबर जायची. दर वेळी पुढच्या रांगेत चटई टाकून बसायची, आणि दर वेळी हिरण्याक्ष येण्याआधी तिला झोप लागायची. जाग यायची ती घरी. मोठी झाली तशी शाळा आली, परीक्षा आल्या, हा खेळ आला. आणि दोन वर्षांपूर्वी आबा काविळीनं गेले. ती गिरकी तिनं कधी बघितलीच नाही.

पंखा कुरकुरतो. मग कुरकुरत नाही, सूर धरतो. पायपेटीसारखा. प्रणिताला वाटतं, कुणीतरी भाता मारतंय. तिला तहान लागते. ती उठते, वर्गाचं दार उघडते, आणि व्हरांड्यात पाय टाकते तो गार शेणानं सारवलेल्या जमिनीवर पडतो.

देवळाच्या बाजूचा मांडव आहे. नटमंडळी पेटाऱ्यांसमोर ओळीनं बसून तोंडं रंगवतायत. एकानं साडी नेसून विडी पेटवली आहे. कडेला आबा बसलेत. गुडघ्यात आरसा धरलाय, अर्धं तोंड तांबडं, अर्धं घरचं.

"इलंस?" ते आरशातच बघून म्हणतात.

"आबा," प्रणिता म्हणते, "तू मेलंस मा?"

"होय तर. म्हणान काय रंग लावचो नाय?" ते भुवई काळी करतात. "जेवलंस?"

"वरणभात."

"मासे नाय?"

"लढत आसा सांजेक."

"कोणावांगडा?"

"पुण्याच्या एका चेडवावांगडा. उंच आसा. हात लांब."

आबा मान डोलावतात, जणू पुण्याच्या मुलींची त्यांना चांगली माहिती आहे. प्रणिता त्यांच्याजवळ उकिडवी बसते. रडू येईल असं तिला वाटलं होतं, ते येत नाही. त्यांच्या कानामागे रंग पोचलेला नाही, तिथली कातडी कशी अगदी नेहमीसारखी आहे, हेच ती बघत राहते. मेलेल्या माणसाला विचारण्यासारखं पुष्कळ असतं. पण तिच्या तोंडून निघतं ते हेच.

"आबा, तू पृथ्वी कशी गुंडाळलंस?"

आता ते वळून बघतात. "बगलंस नाय काय कदी?"

"दर टायमाक झोपान गेलंय."

"तां म्हायत आसा माका," आबा म्हणतात आणि गालातल्या गालात हसतात. का हसतात ते तिला कळत नाही. "आज कित्या होयां तुका?"

प्रणिता सांगते. गिरकीचं, कोपराचं, थायलंडातल्या नावाचं. आबांचा कुंचला थांबतो.

"थंय माका वळाखतत?"

"तुका नाय. हिरण्याक्षाक."

"एकच तां," आबा म्हणतात. ते भलतेच खूष झालेले दिसतात. बाजूच्या साडीवाल्याला कोपरानं ढोसून सांगतात, "आयकलंस काय रे? थायलंड!" मग पेटाऱ्यातून मुकुट काढतात आणि तिच्या डोक्यावर ठेवतात.

मुकुट कल्पनेपेक्षा जड आहे. लाकडाचा, वर आरशाचे तुकडे, कडेला कागदी फुलं. मान आपोआप आत जाते. पायाखाली काहीतरी हलतं म्हणून ती बघते, तर ती वजनकाट्यावर उभी आहे. सकाळी वजन घेतलेल्या चष्मेवाल्या बाईच समोर टेबलाशी बसल्यात. काटा पुढे सरकतोय.

"मुकुटासकट चालणार नाही," बाई म्हणतात.

"मुकुट माझ्या वडिलांचा आहे."

"मग वडिलांना उतरवा."

प्रणिता मागे बघते. काट्यावर तिच्या पाठीला पाठ लावून आबा उभे आहेत. ते मुकाट उतरतात. काटा तिथेच राहतो, जराही मागे येत नाही. बाई चष्मा पुसून पुन्हा बघतात.

"चल गो," आबा म्हणतात. "हय पाय फिरवक जागा नाय."

ती काट्यावरून उतरते ती शेताच्या मेरेवर. दोन्हीकडे चिखल, मधे वीतभर रुंद बांध. तिच्या घरामागचीच मेर आहे ही. पण घर दिसत नाही, आणि चिखलात भाताऐवजी बांबूच्या कामट्या रांगेनं रोवलेल्या आहेत. आबा पुढे अनवाणी उभे आहेत, धोतर खोचून, निम्मं तोंड राक्षसाचं.

"फिर," ते म्हणतात.

"पडतलंय."

"मगे पड."

ती फिरते. मुकुट मागे कलतो, मान झटकते, पाय निसटतो आणि ती चिखलात बसते. आबा हसतात. चांगले पोटभर हसतात, जसे आईवर हसायचे. प्रणिताला राग येतो आणि बरंही वाटतं.

"मान वर केलंस," ते म्हणतात. "मुकुट जड आसा. हनुवटी वर गेली की तो मागे गेलो. हनुवटी गळ्याक लाव. हां. आता पाय आडवो टाक. फिरताना आदी डोळे फिरव. खांद्यावरसून बग. आंग मागसून येता. तू आंग आदी फिरवतंस नि डोळे हयच ठेवतंस. म्हणान तुका काय दिसना नाय."

"सर हेंच सांगतत."

"मगे आयकणस नाय कित्या?"

ती पुन्हा उभी राहते. हनुवटी गळ्याशी. पाय आडवा. डोळे खांद्यावरून. मुकुट या वेळी हलत नाही. ती मात्र अर्ध्यावर थांबते. पाठ आबांकडे, समोर नुसत्या कामट्या. पाय थिजलेले.

मागून आबांचा आवाज येतो. हसण्याचा नाही.

"भियालंस?"

"होय. पाठ फिरवली की कोण कायय करीत."

"करीत तर. माज्या पाठी दाजी गदा घेवन उबो आसायचो, वराह होवन. त्याका नाटक नि खरां ह्येतलो फरक कळा नाय. खरीच घाली."

प्रणिता हसते. हसताना तिचा पाय सुटतो आणि ती त्यांच्याकडे वळते. "आबा, एक सांग. ह्या माऱ्याक नाव राकसाचां कित्या? पृथ्वी वर काडली ती वराहान. जिंकलो तो. मगे त्याचां नाव कित्या नाय?"

आबा बांधावर बसतात. पाय चिखलात सोडतात. हा प्रश्न त्यांना आवडलेला आहे, हे त्यांच्या बसण्यावरून कळतं.

"देव समोर बगान मारता," ते म्हणतात. "त्येका कोणाची भीती? मारल्यान की फुलां पडतत. राकसाक कोण फुलां टाकता? तो पाठ फिरवता. कोणाक काय वाटात तां वाटांदे. दुसरो जां काम लपान करीत, तां तो सगळ्यांच्या समोर फिरान करता. लोक शिव्या घालतत, पोरां रडतत, पण बगतत कोणाक? गिरकी राकसाचीच बगतत." ते पायानं चिखल ढवळतात. "तुका लाज वाटता. भीती नाय ती. चांगल्या माणसान पाठ दाखवू नये, असां तुका वाटता."

हे खरं आहे का, ते प्रणिता तपासून बघते आहे. जिभेनं दात चाचपावा तसं.

दूर कुठेतरी मृदंगावर थाप पडते. आबा झटकन उठतात, तिच्या डोक्यावरचा मुकुट काढून आपल्या डोक्यावर ठेवतात. त्यांचं तोंड आता पूर्ण तांबडं आहे.

"माजो प्रवेस इलो. बस थंय."

"आज झोपाचंय नाय मी, आबा."

"बगया," ते म्हणतात.

मेर संपते तिथे देवळाचा सभामंडप आहे, आणि सभामंडपाला चारी बाजूंनी दोर लावलेत, लढतीच्या रिंगणासारखे. दोरांवर आंब्याचे टहाळे. पुढे बायकापोरं चटयांवर बसलीत, अर्धी पेंगुळलेली. पूर्वेकडे फटफटायला लागलंय. प्रणिता रांगेत शिरून बसते. बसल्याबरोबर डोळ्यांवर झापड येते. तीच ती, लहानपणची, तोंडावर गोधडी ओढावी तशी. ती मांडीला चिमटा काढते. ओठ चावते. एक डोळा बोटांनी उघडा धरते.

आबा येतात. दोरांखालून वाकून आत शिरतात, आरोळी ठोकतात, आणि शेजारच्या म्हातारीच्या अंगावर काटा आलेला प्रणिताला दिसतो. हे तिचे आबा नव्हेत आणि आबाच आहेत. ते पाय आडवा टाकतात. मुकुट आधी वळतो, डोळे खांद्यावरून मागे जातात, मग खांदा, मग कमर, आणि सगळं अंग वावटळीसारखं फिरतं. मग ते दोरांबाहेर येतात, प्रेक्षकांत. पोरं किंचाळून मागे सरकतात. एक तेवढी सरकत नाही. पुढच्या रांगेत चटईवर गाढ झोपलेली, फुलाफुलांच्या फ्रॉकातली, तोंड उघडं. आबा वाकतात. चटईची कड धरतात. गुंडाळतात, पोरीसकट, अलगद, एक वेढा, दोन वेढे. वळकटी खांद्यावर घेतात आणि फिरतात. चटईच्या टोकातून दोन वेण्या लोंबतायत.

त्या लाल रिबिनी प्रणिताच्या ओळखीच्या आहेत.

ती उठून उभी राहते. "आबा! तां मी?"

फिरता फिरता आबा तिच्यासमोर थांबतात. धापा टाकतायत. तांबड्या रंगावरून घामाचे ओघळ.

"मगे कोण? दुसरी पृथ्वी खंयसून हाडतलंय?"

"रिकामी चटई घेवची होती."

"रिकामी चटई हलकी. लोकांका कळता. उगाच फिरणारो माणूस नि वजन घेवन फिरणारो माणूस, येगळो दिसता." ते खांद्यावरची वळकटी जरा सावरून घेतात. "तू होतंस म्हणान माजी गिरकी खरी दिसली. तुज्या थायलंडातल्या गिरकेक वजन खंय आसा? नुसतां कोपर फेकतंस."

"पडलंय काय कदी मी?"

"एकदा. कोचऱ्याच्या जत्रेक." आबा जरा ओशाळतात. "रडूक नाय. कूस बदललंस नि परत झोपलंस."

प्रणिता त्या वळकटीकडे बघते. झोपलेल्या पोरीच्या श्वासानं चटई हलते आहे. इतकी वर्षं तिला वाटायचं, की आपण बाहेर राहिलो, नेमकं तेवढं हुकलं. आणि ती तर आतच होती, अगदी मधोमध.

"धर," आबा म्हणतात.

ते वळकटी तिच्या खांद्यावर देतात. ती वजनानं वाकते. आतलं माणूस आता लहान वाटत नाही. पोरीचं वजन असं नसतं. ती हात लावून बघते. चटईआडून एक रुंद पाठ लागते, आणि तिनं समोर बघितलं तर तिथे आबा नाहीत.

"आत कोण आसा?" ती विचारते.

"फिर आदी," आवाज येतो, अगदी कानाजवळून. "मगे बग."

तिला बघायचंच आहे. इतकं बघायचंय, की बाकी काही आठवत नाही. हनुवटी गळ्याशी जाते. पाय आडवा पडतो. डोळे खांद्यावरून मागे जातात, आणि पाठीमागून सगळं वजन घेऊन ती फिरते. कुठेच थांबत नाही.

धाड!

प्रणिता वर्गाच्या मधोमध उभी आहे. अनवाणी. आवाज अजून खोलीत भरून राहिलेला आहे. उजवं कोपर जळतंय. दारात शमिका, तिच्या हातातली एक बाटली सुटून बाकाखाली गडगडत जाते आहे.

"गो बाय," शमिका म्हणते, "तू जागी आसंस काय झोपलंस?"

प्रणिता वळून बघते. मागे शाळेचं लोखंडी कपाट आहे, हिरव्या रंगाचं, पांढऱ्या अक्षरांत 'प्रयोगशाळा साहित्य' लिहिलेलं. 'साहित्य'च्या मधोमध पत्रा आत गेलाय. चांगला वाटीएवढा.

"काय केलंय मी?"

"उठलंस. डोळे मिटलेले. मी हाक मारली ती आयकूक नाय. पाय टाकलंस नि..." शमिका हवेत बोट फिरवते. "पुरी फिरलंस. पुरी, प्रणिता."

प्रणिता गादीवर बसते. मग फोन शोधते आणि आईला लावते. एकच गोष्ट विचारायची आहे, ती आत्ताच.

"जेवलंस?" आई विचारते. मागे कोंबड्या ओरडतायत.

"जेवलंय. आय, आबान माका नाटकात चटईसकट उचललेलान काय गो कदी?"

फोनमधून नुसत्या कोंबड्याच ऐकू येतात.

"कोणी सांगलां तुका?" आई म्हणते.

"उचललेलान काय?"

"होय तर. माका पसंत नव्हतां. पण माजां आयकता कोण?" आई उसासा टाकते. "दर टायमाक मी पडद्यामागे उबी. दोनय हात पसरून. पडलंस तर, म्हणान. त्याका म्हायतच नाय."

प्रणिता हळूच विचारते, "कोचऱ्याक पण?"

"कोचऱ्याक?" आई आठवून बघते. "नाय, कोचऱ्याक मी जावक नाय. तुजो भाव पोटात होतो तेवा. कित्या, थंय काय झालां?"

"काय नाय," प्रणिता म्हणते. "मगे फोन करतंय."

बाहेरून डिमेलो सरांची हाक येते. मैदानाकडे निघायचं आहे, हातांना पट्ट्या बांधायच्या आहेत. सर आत येतात, कपाटाकडे बघतात, खळग्यात अंगठा घालून बघतात, आणि काही न विचारता बाकावर बसतात. प्रणिता हात पुढे करते. सर मूठ बांधतात, मनगट बांधतात, मग कोपराला गादी चढवण्यासाठी हात उलटा करतात आणि थबकतात. कोपराच्या टोकावर कातडी खरचटली आहे आणि तिथे हिरवी खपली चिकटली आहे.

"हे काय लागलंय?" सर विचारतात.

"रंग," प्रणिता म्हणते, आणि दुसरा हात पुढे करते.